अंगठ्याने दाबून सीट कळत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मोटरसायकलची सीट नवी करून घ्यायला माणूस गेला की एक गोष्ट हमखास करतो. फोमच्या तुकड्यात अंगठा किती रुततो ते बघतो. छान रुतला की खूश होतो आणि म्हणतो, "हाच लावा." मीही तेच केलं होतं. जाड, लुसलुशीत फोम निवडला आणि त्यावर चौकटीची शिलाई मारलेलं रेक्झिन चढवून घेतलं. पहिला अर्धा तास कसा मजेत गेला! दीड तासानंतर मात्र दर दहा मिनिटांनी मी फूटरेस्टवर उभा राहत होतो. फोम पार चेपला होता आणि खालचा प्लॅस्टिकचा बेस थेट हाडांना लागत होता.

घरी फरशीवर ताठ बसा आणि जरासं डावीकडे-उजवीकडे हला. बुडाखाली दोन टणक टोकं जमिनीला लागतात, ती बसायची हाडं. गाडीवर बसल्यावर वरच्या धडाचा बहुतेक भार या दोन टोकांवरच येतो. फोम फार मऊ असेल तर ही टोकं त्यात बुडतात आणि तळाला टेकतात. मग हाड आणि बेस यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा मंदावतो, आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा आणि मग ती जळजळ. पुरेसा घट्ट फोम हाडांना तळापर्यंत जाऊच देत नाही. तो भार आजूबाजूला, मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत वाटून देतो. म्हणून चांगली सीट पहिल्यांदा बसताना थोडी कडकच वाटते. तिची परीक्षा घ्यायची ती दुसऱ्या तासात.

फोम दाट असणं आणि फोम कडक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा समजलं. दाटपणा म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. साध्या उशांचा फोम 20-30 किलोच्या आसपास असतो. मोटरसायकलच्या सीटला साधारण 50-60 किलोचा लागतो, कारण दाट फोम वर्षानुवर्षं चेपूनही पुन्हा वर येतो. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. दाट असूनही मऊ, आणि हलका असूनही कडक, असा फोम मिळतो. हलका कडक फोम दुकानात झकास वाटतो आणि थोड्याच महिन्यांत त्याला खड्डे पडतात. तेव्हा कारागिराला दोन्ही प्रश्न विचारा आणि आपलं वजनही सांगा. 55 किलोच्या माणसाला जो फोम दगडासारखा वाटेल, तोच 95 किलोच्या माणसाला नेमका बसेल.

मेमरी फोमचं नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतं. 1966 साली अमेरिकेत नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी तो तयार झाला. अंगाच्या उबेने तो नरम होतो आणि हाडाच्या आकाराप्रमाणे जागा देतो. पण त्याच कारणाने थंडीत तो घट्ट होतो, आणि नुसता त्याचाच थर भरला तर हळूहळू दबत तळाला जातो. घट्ट फोमवर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा थर म्हणून तो उत्तम. जेलचे पॅडही असेच, वरच्या थराला ठीक. मात्र उन्हात उभ्या गाडीवर जेल इतकं तापतं आणि ती उष्णता इतका वेळ धरून ठेवतं, की मी ते काढून टाकलं.

आता आकार. माझ्या मते फोमपेक्षाही इथे जास्त चुका होतात. अनेक सीटना पुढे, टाकीकडे उतार असतो. ब्रेक दाबला की माणूस पुढे घसरतो, मग हातांनी स्वतःला मागे रेटतो. दिवसभर हे चाललं की मनगटं आणि खांदे भरून येतात. लोक त्यावर हँडल बदलतात, ग्रिप बदलतात. दोष असतो सीटच्या उतारात. बसायची जागा सपाट केली, पुढून किंचित उचलून धरली, की हातांवरचा भार आपोआप उतरतो. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून सीट खाली घेणाऱ्यांनीही घाई करू नये. फोम वरून कापला की गादी पातळ होते आणि गुडघे जास्त दुमडतात. आधी सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करून बघा. मांड्या कमी फाकतात, पाय सरळ खाली जातात आणि उंचीला हात न लावता टाच टेकू लागते.

दुसऱ्या वेळी मला जो कारागीर भेटला, त्याने अंगठा लावूच दिला नाही. जुनं कव्हर सोडवलं, गाडी उभी धरली आणि मला रोजच्या पँटमध्ये उघड्या फोमवर बसवलं. हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर. मग खडूने हाडांच्या दोन जागा आणि मांड्यांच्या कडा आखल्या. मला उतरवून त्याने करवतीच्या पात्याने आधीचा मऊ भाग कापून काढला, घट्ट दाट फोमचा तुकडा चिकटवला आणि ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून आकार घासायला लागला. पिवळसर भुगा त्याच्या कोपरापर्यंत चढला होता. मधूनच थांबून डोळे मिटायचा आणि तळवा सपाट ठेवून फोमवरून फिरवायचा. उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो, असं म्हणाला. नंतर फोमवर नुसतं जुनं कव्हर ताणून त्याने मला तासभर गाडी चालवून यायला सांगितलं. परत आलो तेव्हा डावीकडे जरा जास्त दाब येत होता. त्याने तिथे दोन-तीन मिलिमीटर घासलं. कव्हर शिवायला बसला तो त्यानंतर. हा एक तास कोणी देत नसेल तर तुम्ही मागून घ्या.

कव्हरबद्दल थोडंच सांगतो. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. नक्षीची शिलाई जितकी जास्त, तितकं पावसात फोम पाणी पिणार, आणि एकदा भिजलेला फोम कितीतरी दिवस आतून ओलाच राहतो. म्हणून बसायच्या जागी शिवण नकोच. कडेच्या शिवणींना आतून पट्टी चिकटवून घ्यावी, दोरा सुती न वापरता पॉलिएस्टरचा वापरावा. प्लॅस्टिकच्या बेसवर स्टेपल मारतात त्या गंज न धरणाऱ्या आणि आखूड असाव्यात, टोक वर फोममध्ये निघता कामा नये. अगदी गुळगुळीत कापडावर माणूस घसरतो, फार चिकट कापडावर त्याला जागा बदलता येत नाही. लांबच्या प्रवासात जरा सरकून बसता येणं हा मोठाच आराम असतो.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? माझी बायको कित्येक वर्षं माझ्या मागे बसत आली. थांबलो की ती लगेच उतरून उभी राहायची. चहा येईपर्यंत उभीच. मला वाटायचं, तिला पाय मोकळे करायला आवडतं. सीट दुसऱ्यांदा केली तेव्हा कारागिराने तिलाही बोलावून घ्यायला सांगितलं. तिची जागा पुढे कलती होती, प्रत्येक ब्रेकला ती माझ्या पाठीवर येत होती आणि मांड्या आवळून स्वतःला अडवत होती. त्याने तिचा भाग सपाट केला आणि आम्हा दोघांच्या मध्ये बोटभर उंचीची कड ठेवली. त्यानंतरच्या पहिल्या प्रवासात मी चहासाठी गाडी थांबवली. मी उतरलो, हेल्मेट काढलं, वळून पाहिलं, तर ती अजून सीटवरच बसलेली होती.

नमस्कार.