वक्फ: जमीन कुणाची, हे ठरवायचं कुणी?

वक्फ म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमची अर्पण केलेली मिळकत. ती वारसांत वाटली जात नाही. व्यवस्था मुतवल्ली पाहतो. जुन्या मशिदी, दर्गे, कबरस्तानं यांचे वक्फनामे, म्हणजे मिळकत वक्फ केल्याचे लेखी दस्त, अनेक ठिकाणी नाहीतच. पिढ्यान्‌पिढ्या वापर आहे म्हणून ती वक्फ, हे १९९५च्या वक्फ कायद्यानंही मानलं होतं. ८ एप्रिल २०२५ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीनं ही वाट पुढच्यासाठी बंद केली. आधी नोंदलेल्या मिळकती वक्फ राहतात, पण त्यांच्यावर वाद नसेल आणि जमीन सरकारी नसेल तरच.

ठिणगी पडली ती कलम ३सी मुळे. जमीन सरकारी की वक्फची, हे राज्य सरकारनं नेमलेला, जिल्हाधिकाऱ्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवणार, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत ती वक्फ धरायची नाही. दावा सरकारचा, निवाडाही सरकारी माणसाचा! वक्फ मंडळांचा कारभार ढिसाळ आहे, अतिक्रमणं वर्षानुवर्षं हटत नाहीत, सुधारणा हवीच होती. पण हा अधिकार सुधारणेत बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

विरोध बहुतांश शांततेत झाला. विधेयक संसदेत मंजूर होण्याआधीच, २८ मार्चला, रमजानच्या अखेरच्या शुक्रवारी काळ्या फिती लावून नमाज झाली. ३० एप्रिलला मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाच्या हाकेवरून रात्री ९ ते ९.१५ दिवे मालवले गेले. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादेत मात्र हिंसाचारात तिघे मेले, त्यांत एक बाप-लेक होते. त्याचं समर्थन कुणीही करू नये.

१५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांनी अंतरिम आदेश दिला. अधिकाऱ्याच्या त्या अधिकाराला स्थगिती मिळाली. वक्फच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणाचा निर्णय आणि त्यावरचं उच्च न्यायालयातलं अपील होईपर्यंत ताबा हलणार नाही, पण तोवर त्या जागेत तिसऱ्या कुणाचा हक्कही निर्माण करता येणार नाही. वक्फ करणारा पाच वर्षं इस्लाम पाळणारा असावा, ही अटही नियम होईपर्यंत थांबली. केंद्रीय वक्फ परिषदेच्या २२ जणांत बिगरमुस्लिम चारांहून, राज्य वक्फ मंडळाच्या ११ जणांत तिघांहून जास्त नसावेत, असं न्यायालयानं सांगितलं. ‘वापराने वक्फ’ मात्र वाचला नाही: नोंदणीची सक्ती १९२३पासून होती, मग ती केली का नाही, हा न्यायालयाचा सवाल.

आता कामाचं बोलू. वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी केंद्रानं काढलेल्या ‘उमीद’ पोर्टलवर मुतवल्ली माहिती भरतो, मंडळाचा माणूस तपासतो, सरकारी अधिकारी मंजूर करतो. ६ डिसेंबर २०२५ला सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा देशभरात सुमारे ५ लाख १७ हजार नोंदी सुरू झाल्या होत्या, मंजूर फक्त २ लाख १६ हजार. मराठवाड्यात अडचण आणखी खोल आहे. हक्काचा पुरावा म्हणजे निजामाच्या काळातला मुंतखब, म्हणजे इनामाची चौकशी करून दिलेला सरकारी दाखला. वक्फची यादी छापलेल्या राजपत्रात जुना सर्व्हे नंबर, आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सातबाऱ्यावर आलाय गट नंबर. दोन्ही जुळले नाहीत की नोंद अडते. म्हणून आधी तलाठ्याकडून फेरफार काढा, मग भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक घ्या. त्यात जुना आणि नवा नंबर शेजारी-शेजारी सापडतो. क्षेत्रही ताडून पाहा, कारण एका सर्व्हे नंबरचे दोन-तीन गट झालेले असतात आणि एखादा सुटून जातो.

मुदत सरसकट वाढवायला सर्वोच्च न्यायालयानं १ डिसेंबरला नकार दिला. उशीर झालेल्यांना दार एकच: न्यायाधिकरणाकडे अर्ज. सबळ कारण दाखवलं तर ते जास्तीत जास्त सहा महिने देऊ शकतं.