संत्र्याच्या सालीतील रेणूंचे वजन

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. अंगठा खुपसला की ती फळापासून अलगद सुटते आणि तेलाचे तुषार उडून हातांना वास लागतो. हा वास मुख्यतः लिमोनीनचा. रेणूचे वजन करून तो ओळखायचा तर आधी तो वायुरूपात आणावा लागतो. लिमोनीन हलके असून सहज उडून जाते, त्यामुळे ते ओळखायला लेसरची गरज नाही. खरी कसोटी लागते ती सालीच्या आतील पांढऱ्या अस्तरात, कारण तिथे हेस्पेरिडिन असते. शर्करेचे दोन घटक अंगावर वागवणारा हा रेणू तापवला तर त्याची वाफ होण्याआधीच तो मोडतो, आणि मोडलेल्या रेणूचे वजन करण्यात काय अर्थ?

यावरचा उपाय, म्हणजे ‘माल्डी’ नावाची लेसरची रीत, मला फार सुंदर वाटतो. नमुना एका लहान सेंद्रिय आम्लात मिसळून धातूच्या पट्टीवर वाळवतात. या आम्लाला मॅट्रिक्स म्हणतात. निर्वातात ३३७ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत पडतो, तेव्हा बहुतेक ऊर्जा मॅट्रिक्स शोषून घेते, क्षणात उसळते आणि नाजूक रेणूला अखंड वर उचलते. जर्मनीत फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी १९८५ च्या सुमारास ही वाट दाखवली. कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच विचाराच्या वेगळ्या रूपासाठी. आज प्रयोगशाळांत रुळलेली रीत मात्र हिलेनकाम्प आणि कारास यांची आहे, हे सांगितलेच पाहिजे.

वनस्पतीच्या पेशींत पोटॅशियम विपुल असल्यामुळे ६१० वस्तुमानाचे (म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ६१० पट जड) हेस्पेरिडिन बहुधा पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सोबत घेऊन ६४९ वर दिसते. २० हजार व्होल्टचा धक्का मिळाल्यावर हा आयन एक मीटर लांबीची नळी सुमारे १३ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. हलके आयन आधी पोहोचतात, जड मागाहून, आणि या वेळेवरूनच वस्तुमान काढले जाते.

मात्र कडू संत्र्यातील निओहेस्पेरिडिनचे वस्तुमानही नेमके ६१० च आहे. दोन्हींत शर्करेचे घटक तेच, फक्त त्यांची जोडणी निराळी. तरी एक बेचव आणि दुसरे कडू. नुसत्या वजनावर त्यांच्यातला भेद कळत नाही, म्हणून आधी द्रव क्रोमॅटोग्राफीने त्यांना वेगळे करूनच पट्टीवर ठेवावे लागते.