जखम भरली, तरी दुखतंच कसं?

श्रोतेहो, नमस्कार.

जखम भरून आलेली असते, एक्स-रे स्वच्छ असतो, रक्ताचे रिपोर्टही ठीक असतात, आणि तरी माणूस कळवळून सांगतो, 'दुखतंय हो!' अशा माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणून घरी पाठवणं हा मोठा अन्याय आहे. हे दुखणं खरं असतं, हे ज्यांच्या संशोधनामुळे पटायला लागलं, त्या पॅट्रिक वॉल यांच्याविषयी आज बोलणार आहे.

वॉल यांचा जन्म 1925 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डला डॉक्टर होऊन ते अमेरिकेला गेले. तिथे एमआयटीत त्यांची गाठ रोनाल्ड मेलझॅक या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाशी पडली. 1965 साली दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात आपला सिद्धांत मांडला. तोवर साधारण समज असा, की जेवढी इजा तेवढी वेदना. हे दोघे म्हणाले, मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. बारीक तंतूंतून आलेला वेदनेचा संकेत ते उघडतो, स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेतात, आणि मेंदूचाही त्यावर ताबा चालतो. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळेच. त्या रचनेचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले. पण संकेत मेंदूत पोचण्याआधीच कमी-जास्त होतो, हे टिकलं. 1967 मध्ये वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह देऊन रुग्णांच्या वेदना काही काळ थांबवल्या. फिजिओथेरपीतलं टेन्स मशीन त्याच वाटेनं आलं.

मला मात्र त्यांचं 1974 सालचं काम जास्त मोलाचं वाटतं. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू पाहतो आणि वाट मिळाली नाही की टोकाशी त्याची गाठ होते. वॉल आणि मायकेल गुटनिक यांनी प्राण्यांमध्ये दाखवलं, की कुणी हात न लावताही अशा गाठीतून संकेत सुटत राहतात. इजा संपलेली असते, पण मज्जातंतू गप्प बसत नाही! मधुमेहात तळपायांची आग होते, नागीण बरी झाल्यावरही त्या जागी ठणका राहतो, त्यामागेही बिघडलेले मज्जातंतू असतात.

म्हणूनच अशा दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. डॉक्टर गॅबापेंटिन देतात, चेहऱ्यात विजेसारखी कळ येत असेल तर कार्बामाझेपिन देतात. ही दोन्ही फेफऱ्यावरही वापरली जाणारी औषधं. माहितीपत्रकात 'फेफरं' वाचून अनेक जण घाबरतात आणि गोळी बंद करतात. तसं करू नका. मज्जातंतूंची ही अवेळची खळबळ शांत करायलाच ती दिलेली असते. गुंगी आली, तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी त्यांना गाठा. मनानं मात्र औषध एकदम थांबवू नका.