बोलाचीच कढी

श्रोतेहो, नमस्कार. ‘बोलाचीच कढी बोलाचाच भात, जेवूनिया तृप्त कोण झाला’ असा तुकोबांचा रोकडा सवाल आहे, आणि रेडिओवर जेवणाविषयी बोलायला बसलेल्या माणसाने तो आधी स्वतःला विचारून घेतलेला बरा. आज ज्या पंगतीविषयी मी बोलणार आहे, तिच्यातही सुरुवातीला भांडी मांडलेली असतात, पण त्यांत शितदेखील नसते.

ही पंगत आहे स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९१ सालच्या ‘हूक’ या चित्रपटातली. मी तो पाहिला सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. इंग्रजी संवाद आम्हा मुलांना निम्मेअधिक कळत नव्हते, पण गोष्ट कळत होती. कधीही मोठा न होणारा पीटर पॅन इथे चक्क मोठा झालेला आहे, वकील झाला आहे, सदानकदा फोनला चिकटलेला आहे आणि स्वतःचे बालपण पार विसरून गेला आहे. त्याचा जुना वैरी, चाच्यांचा म्होरक्या कॅप्टन हूक, त्याची मुले पळवून नेतो, म्हणून त्याला नेव्हरलँड या बालपणीच्या जादूच्या बेटावर परतावे लागते. तिथल्या मुलांनी दिवसभर पळवून दमवलेला हा गृहस्थ भुकेने कासावीस होऊन जेवायला बसतो, तर सगळी भांडी रिकामी! शेजारची मुले मात्र दोन्ही हातांनी हवा तोंडात कोंबत आहेत, मिटक्या मारत आहेत, एकमेकांच्या पुढ्यातले ओढून घेत आहेत. पीटरची भूमिका करणारे रॉबिन विल्यम्स यांचा त्या वेळचा चेहरा मला आजही आठवतो, कारण आम्हालाही त्याच्याइतकेच दिसत होते, म्हणजे काहीच नाही.

मग मुलांचा म्होरक्या रुफिओ त्याला डिवचतो आणि दोघांची शिव्यांची जुगलबंदी सुरू होते. प्रथम अडखळणारा पीटर हळूहळू रंगात येतो, एकापेक्षा एक तऱ्हेवाईक विशेषणे त्याच्या तोंडून बाहेर पडू लागतात, आणि त्याच भरात तो रिकामा चमचा भरून रुफिओच्या दिशेने भिरकावतो. त्या चमच्यातला रंगीत लगदा रुफिओच्या तोंडावर खरोखर फचकन बसतो, आणि पाहता पाहता सगळी पंगत अन्नाने भरून जाते. पीटरला आधी शब्द सापडले आणि त्यांच्या मागोमाग अन्न आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बोलाचा भात तिथे बोलण्यातूनच शिजला.

खरे सांगायचे तर ते भडक निळे-गुलाबी पदार्थ पाहून आम्हा पुणेरी मुलांच्या तोंडाला मुळीच पाणी सुटले नव्हते. रांगोळीचे रंग सायीत कालवल्यासारखे ते दिसत होते. स्वतः दिग्दर्शकांनीही पुढे या चित्रपटाविषयी असमाधान व्यक्त केले. तरीही रिकाम्या भांड्यांचा तो पहिला भाग मला आजही अप्रतिम वाटतो. त्याचे मूळ पीटर पॅनचे जनक जे. एम. बॅरी यांच्या १९११ सालच्या कादंबरीत आहे. तिथे आजचे जेवण खरे की लुटुपुटीचे, हे पीटरच्या लहरीवर ठरते, आणि लुटुपुटीचे जेवतानाही पीटर डोळ्यांदेखत गुटगुटीत होत जातो.

आम्हाला हे पटवून द्यावे लागले नाही, कारण तुळशीबागेतून आणलेली भातुकली वाड्यातल्या घराघरांत होती. चुरमुरे आणि गूळ-दाणे मिळाले तर उत्तमच, नाहीतर मातीचा भात, पानांच्या पोळ्या आणि विटेच्या चुऱ्याचे तिखट यांवर पंगती उठत. मोठी माणसे येत, ‘वा, छान’ म्हणत आणि ताटाकडे न पाहताच निघून जात. आमची आजी मात्र पाटावर बसकण मारून बसे. हातात काही नसताना घास नीट कालवी, चावून खाई, ‘आमटीला मीठ जरा कमी पडलंय गं’ असे सुनावून पुन्हा वाढायला लावी, आणि मीठ घातल्याशिवाय पुढचा घास घेत नसे. शेवटी ताटाभोवती पाणी फिरवून ती उठे, मोरीवर जाई आणि खरोखरच्या पाण्याने हात धुऊन, पदराला पुसत परत येई.