बाबांचा शनिवार आणि दहावा माणूस

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

बाबांचे कितीतरी विद्यार्थी आज समोर बसले आहेत. ‘शनिवारी न येणारे सर’ ही त्यांची ओळख अलिबागमध्ये अजून पुसलेली नाही. त्या शनिवारापासूनच सुरुवात करते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमचा तेलाचा घाणा बंद, म्हणून या किनाऱ्यावर पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. बाबांच्या पिढीपर्यंत घाणे गेले, शनिवार मात्र राहिला, आणि शाळा तर शनिवारी सकाळी भरायची. मुख्याध्यापकांच्या संमतीने शेजारच्या वर्गावरचे गुरुजी बाबांचे शनिवारचे तास घेऊ लागले. गणपतीत गुरुजी गावी गेले की त्यांच्या पेपरांचे गठ्ठे आमच्या ओटीवर यायचे. “माझा शनिवार तुमच्याकडे गहाण, तुमचा गणपती माझ्याकडे,” असं बाबा म्हणायचे. दोघं निवृत्त होईपर्यंत ते गहाण काही सुटलं नाही.

वर्गात दरवर्षी एखादा नवा मुलगा विचारायचा, “सर, तुम्ही मूळचे कुठले?” बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “नवगावचे. त्याआधीचा सातबारा जहाजाबरोबर बुडाला.” पोरं हसली, की मग गोष्ट सुरू व्हायची. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आम्ही सगळे, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण बाबा तिथे थांबत नसत. फळ्यावर आडनावं लिहायचे: दिवेकर, पेणकर, किहीमकर. “ही गावं कुठे आहेत, नकाशात दाखवा.” मुलं आपल्याच तालुक्यातली, आपल्याच जिल्ह्यातली गावं शोधून काढायची. परका वाटणारा माणूस शेजारच्या गावचा निघायचा. बाबांच्या विनोदाने कुणाला खाली पाहावं लागलं नाही, कारण तो नेहमी कुणाला तरी आत घ्यायला केलेला असे. मला त्यांचा हा गुण त्यांच्या विद्वत्तेहून मोठा वाटतो.

विद्वत्ताही होतीच. हिब्रू प्रार्थना त्यांनी लहानपणी ऐकून पाठ केल्या. अर्थ मात्र मराठीतून मिळवला. याचं ऋण ते विसरले नाहीत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. विल्सन धर्मप्रसारासाठी आला होता. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला, हे सांगताना बाबांचे डोळे चमकायचे. 1846 मध्ये मुंबईत आमच्या पेसाह सणाची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत निघाली. आमच्या घरी पेसाहच्या रात्री मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेची ती कथा मराठीतूनच वाचली जायची, आणि काळ्या मनुकांचं शरबत पेल्यात ओतता ओतता बाबा प्रत्येक पोराला एकेक प्रश्न टाकायचे. उत्तर चुकलं तरी शरबत मिळायचं. प्रश्न विचारलात तर जास्त.

कीर्तन हा त्यांचा जीव की प्राण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या लोकांनी हरदासांची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रं साकी-दिंडीत बांधली. बाबांनी अशा पदांच्या वह्या उतरवून ठेवल्या होत्या. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात, ते पद म्हणताना त्यांचा आवाज दरवेळी भरून यायचा.

आणि दहावा माणूस. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. एकेकाळी भारतात आमचे सुमारे वीस हजार लोक होते. 1948 नंतर घरं इस्राएलला जाऊ लागली. माझा काका लोदला गेला, आत्या अश्दोदला. अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, माणसं मोजायची वेळ आली. मग शुक्रवारी सकाळी बाबा सायकलवर घरोघर जायचे. आळशी तरुणाला दारातूनच सांगायचे, “अरे, नऊ जणांची प्रार्थना वेटिंग लिस्टवर असते. तू आलास की कन्फर्म.” तो हसत हसत यायचाच. कुणाच्या घरी वडील गेले असले आणि कदीश ही गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणायला दहा जण भरत नसले, तर बाबा पेण-पनवेलपर्यंत निरोप धाडायचे. दुःखातल्या माणसाला माणसं मोजायला लागू नयेत, एवढाच त्यांचा हट्ट.

नवस फिटला की एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा व्हायचा. गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, फळं. पहिलं ताट गुरुजींच्या घरी, दुसरं मागच्या आळीतल्या कोळी काकूंकडे. बाबा गेले त्या दिवशी नवगावच्या दफनभूमीपर्यंत चालत आलेल्यांत आमचे लोक थोडे होते, तुम्ही जास्त होतात. त्यासाठी माझ्या घराच्या वतीने आज हात जोडते.

एक विनंती आहे. वह्यांत शब्द आहेत, काही पदांच्या चाली मात्र लिहिलेल्या नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात बाबांनी योसेफाचं पद म्हटलं होतं, हे तुमच्यातल्या काहींनी मला सांगितलंय. ज्यांना ती चाल आठवत असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबा आणि मला म्हणून दाखवा. रेकॉर्डर आणलाय.