बर्फातला एकटा डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

अंटार्क्टिकावर भारताची दोन संशोधन केंद्रं सध्या चालू आहेत, मैत्री आणि भारती. त्यांचा कारभार पाहतं वास्कोचं, म्हणजे आपल्या गोव्यातलं, ध्रुवीय संशोधन केंद्र. उन्हाळा सरला, जहाज परतलं, की हिवाळी तुकडी मागे राहते. मग कितीतरी महिने तिकडे कुणी येत नाही. पुन्हा सांगतो, कुणी येत नाही. त्यातले दोनेक महिने सूर्यही नाही. लोक मात्र विचारतात पेंग्विनबद्दल! मैत्रीपासून समुद्र सुमारे शंभर किलोमीटरवर, तिथे कुठले पेंग्विन? त्यापेक्षा स्वयंपाक्याची चौकशी करावी. जेवण बिघडलं की तुकडी बिघडते, हे माझं ठाम मत.

मैत्रीच्या शेजारी, चार-पाच किलोमीटरवर, रशियन केंद्र आहे, नोवोलाझारेव्हस्काया. १९६१ सालची गोष्ट. मैत्री तेव्हा नव्हतीच. तेरा माणसं आणि डॉक्टर एकच, लिओनिद रोगोझोव्ह, वय सत्तावीस. एप्रिलअखेरीस त्याच्या पोटात उजवीकडे दुखू लागलं. मळमळ, ताप. त्याने ओळखलं, अपेंडिक्स! (हल्ली एवढ्यासाठी चार तपासण्या लिहून देतात. असो.) बाहेर वादळ, विमान येणं अशक्य. ऑपरेशन करणार कोण? जो आजारी, तोच.

मदतीला हवामानतज्ज्ञ आणि मेकॅनिक. एकाने हत्यारं द्यायची, दुसऱ्याने आरसा धरायचा. त्यांच्यापैकी कुणी चक्कर येऊन पडला तर म्हणून केंद्रप्रमुखही उभे. मी बेशुद्ध पडलो तर कोणतं इंजेक्शन टोचायचं, हेही रोगोझोव्हने आधीच शिकवून ठेवलं. फक्त जागा बधिर केली आणि अर्धवट टेकून बसून स्वतःचं पोट कापलं. आरशात सगळं उलटं दिसायचं, म्हणून हातमोजे न घालता बोटांनी चाचपत काम केलं. मधे आतड्याला इजा झाली, तीही शिवली. भोवळ येऊ लागली, तसा दर थोड्या वेळाने थांबायचा. पावणेदोन तास! अपेंडिक्स निघालं, त्याच्या मुळाशी काळा डाग. आणखी एक दिवस गेला असता तर ते फुटलं असतं. दोन आठवड्यांत गडी कामावर हजर.

आपली माणसं जातात ती दिल्लीत कसून वैद्यकीय तपासणी आणि औलीच्या बर्फात सराव करून. ऑस्ट्रेलियावाले तर आणखी पुढे गेले. त्यांच्याकडे हिवाळ्यासाठी राहणाऱ्या डॉक्टरला अपेंडिक्स आधीच काढून घ्यावं लागतं, दुखत असो वा नसो.