टिळकांच्या घरातली वेगळी चूल

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने बायबलचा ‘नवा करार’ भेट दिला. त्या गृहस्थाने आदराने गप्पा मारल्या होत्या आणि पुस्तक वाचण्याचा शब्द घेतला होता, म्हणून टिळक ते वाचू लागले. पण डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. याच प्रवचनात येशू आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आणि लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत, असे सांगतो. लोक म्हणजे अर्थात घरातले लोकही, आणि त्यांच्या नजरेला उतरणे सर्वांत कठीण असते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घेतले जाई. अशा मुलीवर नवऱ्याच्या धर्मांतराने काय कोसळले असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना आजही जाणवते. त्यातले टिळक संत नाहीत. ते तापट आहेत, लहरी आहेत, खिशातले पैसे कुणालाही देऊन मोकळे होणारे आहेत, आणि त्या औदार्याची किंमत पुष्कळदा घरच्यांनी मोजली आहे. त्यांच्या दयाबुद्धीविषयी बोलताना हे झाकून ठेवणे योग्य नव्हे.

तरीही काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याजवळ राहायला आल्या, तेव्हा एका घरात दोन धर्म नांदू लागले. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे पूर्वीसारखेच. आणि एरवी चटकन संतापणाऱ्या टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. आमच्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी व्यासपीठावर नव्हे, तर इथे लागली. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच विचार करीत पोहोचल्या. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

अहमदनगरच्या त्यांच्या घराने पुढे आणखी एकाला आसरा दिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची कविता गाजली. टिळकांनी या मुलाला घरी आणून मुलासारखे सांभाळले. हेच आपले बालकवी. निसर्गकवितेचा ध्यास दोघांचा एकच होता, धर्म मात्र वेगवेगळे. आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले.

तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत, आणि त्यांची भजनेही त्याच वळणाची आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती आजही गायिली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.